कोऱ्या कागदावरची सही

तो तपास मी विसरलेलो नाही. निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे मनातून आपोआप गळून पडली. हे पडले नाही.

सेवेची शेवटची वर्षे मी धुळ्यात आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. या शाखेत रक्त दिसत नाही, कागद दिसतो. वीस-बावीस वर्षे कागद पाहिल्यावर अधिकाऱ्याला एक सवय जडते. माणूस आणि कागद यांच्यात विसंगती आली की तो कागदाच्या बाजूने उभा राहतो. त्या सवयीची काय किंमत मोजावी लागली, ते पुढे येईल. नावे कोणाचीच देणार नाही.

मार्च सुरू झाला होता. अधीक्षक कार्यालयातून शेरा मारून एक पत्र माझ्याकडे आले. ते मुंबईच्या एका धर्मादाय निधीचे होते. कर्णबधिर मुलांना श्रवणयंत्रे मिळावीत म्हणून त्यांच्याकडे खानदेशातून दोन अर्ज गेले होते. एक शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या केंद्राचा, दुसरा जळगावात मेहरूण भागातील एका संस्थेचा. दोन्ही अर्जांत तीच एकोणीस मुले. तेच फोटो, तीच वाक्ये. खरे कोण, हे पोलिसांनी कळवावे. समितीची बैठक एकवीस दिवसांनी होती. तोपर्यंत खुलासा न आल्यास दोन्ही अर्ज बाद होणार होते.

गुन्हा दाखल करण्याइतके हातात काही नव्हते. मी अर्ज चौकशी सुरू केली आणि सोयीचे होते म्हणून पायथ्याच्या केंद्राच्या संचालिकेला धुळ्याला बोलावले.

सगळे तिला अक्का म्हणत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. अंगाने बारीक, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. दहाला आली. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवले. संशयिताला ताटकळत ठेवले की तो आतून सैल होतो, असे आम्हाला वरिष्ठांनी शिकवले होते. दुपार झाली. हवालदार माझ्या टेबलाशी आला. तो साक्रीकडचा. वैतागला की अहिराणीवर उतरायचा.

"साहेब, ती बाई सकायपासून बठेल शे. पानी बी मांगं नही तिनी. खोटा मानूस इतला गप बठस नही."

"तुमचं मत कोणी विचारलं?" मी म्हटले.

चार वाजता तिला आत घेतले.

"हा अर्ज तुम्ही लिहिला?"

"मी लिहिला असता तर तुमच्यापर्यंत आलाच नसता, साहेब. मी मराठीत दोन पत्रं पाठवली होती. उत्तर नाही आलं. मग त्यांचा फॉर्म मागवला. चाळीस पानं, सगळी इंग्रजी. उद्दिष्ट काय, फलित काय, पाच वर्षांनी काय बदल दिसेल. मला एवढंच माहीत होतं की एकोणीस पोरांना ऐकू येत नाही."

"मग?"

"मग कोणी म्हणालं, धुळ्यात एक गृहस्थ असे प्रस्ताव लिहून देतात. त्यांना काम दिलं. थोडी रक्कम आधी, आणि मंजूर झालं तर त्यातला दहावा हिस्सा."

"ते तुमच्याकडे आले होते?"

"आले की. जानेवारीत. मोटारसायकलवर. फोटो काढले, माहिती घेतली, दुपारी गेले."

"त्यांना काय काय दिलं?"

तिने पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग स्वच्छ सांगितले, "संस्थेचे सहा कोरे कागद. सही-शिक्क्यासहित."

तेव्हा मला राग आला नाही. ही चूक मी शेकडो वेळा पाहिली होती. आपल्याकडच्या छोट्या संस्था अशाच चालतात. अध्यक्ष एका गावी, सचिव दुसऱ्या गावी, गाडी दिवसातून दोनदा. एकेका सहीसाठी कोण हेलपाटे घालणार? म्हणून लेटरहेडच्या गठ्ठ्यावर एकदाच सह्या करून ठेवायच्या. बँकेच्या कोऱ्या धनादेशाला हात न लावू देणारी माणसे संस्थेचा कोरा कागद मात्र निर्धास्त देतात. धनादेशाने पैसे जातात एवढे त्यांना ठाऊक असते. कागदाने काय जाते, ते ठाऊक नसते.

"मी मास्तरीण," ती म्हणाली. "तीस वर्षं पोरांना सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि स्वतः काय केलं?" मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "साहेब, साडेपाचची गाडी आहे. ती गेली तर मला पोचायला उद्या उजाडेल. सगळ्यात लहान पोरगी माझ्याशिवाय जेवत नाही. साडेपाच वर्षांची आहे. डॉक्टर म्हणालेत, यंत्र बसवायचं तर आत्ताच. बोलायला शिकायचं वय निघून जातं."

मी तिला जाऊ दिले. विश्वास ठेवला नाही.

दोन दिवसांनी जळगावला गेलो. मेहरूणमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, बाहेर मोठा फलक, आत टेबल, खुर्च्या आणि भिंतीवर सत्काराचे फोटो. मूल एकही नव्हते. अध्यक्ष पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, बोलण्यात लोणी.

"मुलं कुठे आहेत?"

"सुट्टीवर गेलीत, साहेब. चहा घ्या ना."

"मार्चमध्ये कसली सुट्टी?"

"अहो, आदिवासी भागातली मुलं. होळी म्हटली की थांबतात का?" आणि त्यांनी फाईल उघडली. "तुम्हाला शंका असेल तर हे बघा. शिरपूरकडच्या अक्का आम्हाला मोठ्या बहिणीसारख्या. त्यांनीच लिहून दिलंय."

ते संमतीपत्र होते. अक्काच्या संस्थेच्या कागदावर, तिच्या सही-शिक्क्याचे. मजकूर असा की, ही एकोणीस मुले दोन्ही संस्था मिळून सांभाळतात आणि त्यांच्या नावाने स्वतंत्र अर्ज करण्यास आमची हरकत नाही.

सही खरी होती. मी अक्काच्या जबाबावरच्या सहीशी ताडून पाहिली. मजकूर पानाच्या मध्यावर संपत होता आणि सही चार बोटे खाली होती. मध्ये नुसती पांढरी जागा. माणूस पत्र लिहितो तेव्हा सही मजकुराखाली करतो. आधी सही झालेल्या कागदावर मजकूर बसवला की अशी जागा उरते. हे मला तेव्हाच दिसायला हवे होते. मी ती जागा पाहिली, आणि पुढे गेलो.

पुढचे आठ दिवस मी अक्काच्या मागे लागलो. संस्थेची नोंदणी, विश्वस्तांची यादी, हजेरीपत्रके, तिचे निवृत्तिवेतन. प्रत्येक कागद मागवला आणि प्रत्येक कागद सरळ निघाला. तरी माझे मत हलले नाही. सरळ कागद हाही हुशारीचा पुरावा असतो, असे मी हवालदाराला म्हणालो. त्याने फाईल जरा जोरात मिटली. त्याचा अर्थ मला कळत होता.

खबर आली ती आमच्या गैरसोयीतून. शाखेचे झेरॉक्स यंत्र बिघडलेले होते. अशा वेळी कागद समोरच्या टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात जात. ते बरोबर नव्हते, पण तसे चालत होते. दुकान एका वयस्क मुसलमान गृहस्थांचे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. अकराव्या दिवशी हवालदार फाईल घेऊन गेला आणि चाचांना सोबत घेऊनच परत आला.

"साहेब," चाचा उभ्यानेच म्हणाले, "या अर्जावरचा फोटो माझ्या दुकानात चार वेळा छापला आहे. चार संस्थांच्या नावानं."

"कोणी छापून घेतला?"

त्यांनी अक्काचा प्रस्ताव लिहून देणाऱ्या त्या सल्लागाराचे नाव घेतले. "बठ्ठं काम, एकूण एक, माझ्याकडेच करतो. मजकूर एकच. फक्त वरचं पान बदलतं. मी एकदा विचारलं, भाई, ही पोरं इतक्या गावात राहतात कशी? तर म्हणाला, चाचा, तुम्ही शाई बघा. मग मी शाई बघत बसलो."

"इतके दिवस बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि साहेब, झेरॉक्सवाला लोकांचे कागद वाचायला लागला तर दुकानात येणार कोण?"

हवालदार भिंतीकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

सल्लागाराला दुसऱ्या दिवशी बोलावले. चाळिशीचा, नीटनेटका, हातात चामड्याची बॅग. बसायला सांगण्यापूर्वीच बसला.

"साहेब, माझा व्यवसाय शब्दांचा. संस्था माहिती पाठवतात, मी ती नीट मांडून देतो. माहिती खरी की खोटी, हे मी कसं तपासणार?"

"अक्कांच्या केंद्रावर तुम्ही कधी गेला होतात?"

"कधीच नाही. त्यांनी फोटो पाठवले, टिपणं पाठवली. मी त्या गावी पाऊल ठेवलेलं नाही."

"कोरे सही केलेले कागद?"

"मला कशाला लागतील? बाईंनी जळगाववाल्यांना संमतीपत्र दिलं असेल. आता अंगाशी आलं म्हणून माझं नाव पुढे करताहेत."

अर्ज चौकशीच्या टप्प्यावर जबाबावर सही घेता येते, गुन्हा नोंदल्यावर नाही. मी त्याला ते सगळे स्वतःच्या हाताने लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर त्याने कागद दोनदा वाचला. "गेलेलो नाही" च्या जागी "कधीही गेलेलो नाही" असा बदल केला. मग सही केली. दुसऱ्यांकडून कोऱ्यावर सही घेणारा माणूस स्वतः सही करताना किती काळजी घेतो, हे मी समोर बसून पाहिले. त्या क्षणी पहिल्यांदा माझे मत फिरले.

पण मत म्हणजे पुरावा नव्हे. त्या पाड्यावर मोबाईलचा टॉवर नव्हता, त्यामुळे त्याचा फोन तिथे होता की नाही हे सांगता येत नव्हते. मोटारसायकलवर येऊन गेलेला माणूस गावात कोणी निरखून पाहिला नव्हता. अक्काचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढेच. आणि अक्काची खरी सही तिच्याच विरुद्ध उभी होती.

पाहिले होते ते मुलांनी.

बोलता न येणारा साक्षीदार खुणांनी साक्ष देऊ शकतो. कायद्यात ती तरतूद जुनी आहे, वापरली क्वचित जाते. मुलांना ठाण्यात आणायचे नसते. स्त्री साक्षीदारालाही बोलवायचे नसते. तिच्या घरी जायचे असते. हा नियम मी अक्काच्या बाबतीत मोडला होता. या वेळी पाळला. धुळ्याच्या एका मूकबधिर विद्यालयातले दुभाषी शिक्षक घेतले. त्यांनी अक्काला कधी पाहिलेले नव्हते. महिला उपनिरीक्षक साध्या साडीत. सोबत चित्रीकरणाची व्यवस्था आणि सारख्या वयाच्या नऊ पुरुषांचे फोटो, त्यांत सहावा सल्लागाराचा. दुभाषींना प्रकरण काय आहे ते मुद्दाम सांगितले नाही.

केंद्र म्हणजे पत्र्याचे दोन वर्ग आणि पुढे ओसरी. अक्काला आम्ही लांब शेजारच्या घरी बसवले. मुले एकेक करून ओसरीवर आली. पहिली बारा वर्षांची मुलगी. तिने नऊ फोटो पाहिले, सहाव्यावर बोट ठेवले आणि एक खूण केली. उघडा तळहात तोंडावरून खाली ओढला, पाटी पुसावी तसा. तळहात खाली गेला तेव्हा तिचा चेहरा कोरा झालेला होता.

दुभाषी गोंधळले. "साहेब, ही आमच्या भाषेतली खूण नाही."

दुसरे मूल आले. तोच फोटो, तीच खूण. तिसरे, चौथे. एकमेकांशी बोलण्याची संधी त्यांना नव्हती. सातव्या मुलानंतर दुभाषींनी मान हलवली.

"आता कळलं. हे नाव आहे. ही मुलं प्रत्येक माणसाला एक खुणेचं नाव ठेवतात. आमच्या शाळेत मलाही ठेवलंय."

"काय नाव आहे याचं?"

"हसू पुसणारा."

"का?"

त्यांनी मुलाला विचारले. मुलाने उठून करून दाखवले. फोटोसाठी त्या माणसाने सगळ्यांना ओळीत उभे केले. मुले हसली, कारण कॅमेरा समोर आला की मुले हसतात. त्या माणसाने डोळे वटारले आणि तळहात तोंडावरून ओढून दाखवला: हसू नका. मग स्वेटर काढायला लावले. चपला काढायला लावल्या. सर्वांत लहान मुलगी तरी हसतच राहिली, तर तिचा गाल चिमटला. ती रडली. तो फोटो त्याने काढला.

तो फोटो माझ्या फाईलमध्ये होता. दोन्ही अर्जांच्या पहिल्या पानावर. जानेवारीची थंडी, उघडे पाय, आणि मधोमध रडणारी मुलगी. पंधरवडाभर मी तो फोटो पुरावा म्हणून पाहत होतो.

अक्काला विचारले, त्या वेळी तुम्ही कुठे होतात?

"आत," ती म्हणाली. "कागदांवर शिक्के मारत होते."

आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो. शिरपूर आले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि मी ती मोठ्याने म्हणालो. हसू पुसले, म्हणजे आधी हसू होते. मुले हसत असतानाही त्याने कॅमेरा दाबला असणार. ते फोटो कुठे आहेत?

"चाचाकडे," हवालदार म्हणाला. "पेन ड्राइव्हवरनं थेट छापलं तर त्याचं यंत्र अडकतं. आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतो तो. आणि पुसत काही नाही. आळशी माणूस."

तो आळस कामी आला. पंचांसमक्ष चाचांचा संगणक उघडला. तारीखवार फोल्डर होते. जानेवारीच्या एका फोल्डरमध्ये ओळीने बेचाळीस फोटो. पहिल्या नऊ फोटोंत मुले स्वेटरमध्ये, पायांत चपला, सगळी हसताहेत. नंतरच्यांत अनवाणी आणि मलूल. तिसऱ्या फोटोत ओसरीच्या खांबाला टेकवलेली मोटारसायकल, क्रमांक वाचता येईल अशी. ती सल्लागाराची होती. त्याच फोल्डरमध्ये संमतीपत्राचा मजकूरही सापडला. तो टाईप झाल्याची तारीख फोटोंनंतर पाच दिवसांची होती. गुन्हा दाखल झाला. फसवणूक, बनावट दस्तऐवज. घरझडतीत अक्काच्या सहीचे चार कोरे कागद अजून शिल्लक मिळाले. इतर संस्थांचे वेगळे. जळगावचे अध्यक्ष तासाभरात सगळे बोलले. खोल्या त्यांच्या होत्या, मुले सल्लागाराने कागदावर पुरवली होती.

अटकेनंतर सल्लागार नाकारत नव्हता. वाद घालत होता.

"साहेब, तुम्ही कधी असे अर्ज वाचलेत? हसणारं पोर बघून कोणी यंत्र देत नाही. मी त्यांना मिळवूनच देत होतो ना?"

"आणि बाकीच्या तीन संस्थांना?"

"शब्द माझे होते."

"पोरं कोणाची होती?"

त्याने खांदे उडवले. मी प्रश्न थांबवले. आणखी एक प्रश्न विचारला असता तर माझा हात उचलला गेला असता, आणि नोकरीत मी तो कधी उचललेला नव्हता.

माझा राग त्या एका माणसापुरता नाही. मदत हवी असेल तर आधी परक्या भाषेत चाळीस पाने नीट भरा, ही अट कोणी घातली? ज्या बाईने एकोणीस मुलांना खुणांनी का होईना बोलते केले, तिची दोन मराठी पत्रे उत्तर न देता पडून राहतात, आणि अनवाणी मुलांचा फोटो पहिल्या पानावर असलेला अर्ज समितीपुढे जातो. हा बाजार एकट्या सल्लागाराने उभा केलेला नाही. तो तिथे फक्त दुकान टाकून बसला होता.

प्रस्ताव लिहून देणारे सगळे असे नसतात, हेही नोंदवले पाहिजे. पुढे अक्काने जळगावच्याच एका बाईंना काम दिले. त्यांनी ठरलेली फी आधी लेखी सांगितली, मंजुरीतला हिस्सा मागितला नाही. दोन दिवस केंद्रावर येऊन राहिल्या. इंग्रजी मसुदा पूर्ण झाल्यावर त्यांनी तो ओळ अन् ओळ मराठीत वाचून दाखवला आणि त्यानंतरच सही घेतली. अक्काने त्यातला 'बिचारी' हा एक शब्द काढायला लावला, असे मला कळले. संस्था चालवणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. लिहिणारा जरूर नेमा. ज्याला जे येत नाही, त्याने ते दुसऱ्याकडून करून घेण्यात कमीपणा नाही. पण जो तुमच्या दारात मुक्काम न करता तुमच्याविषयी लिहितो, जो मंजुरीत वाटा मागतो आणि जो कोऱ्यावर सही मागतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

माझा अहवाल मुंबईला गेला. अक्काची संस्था खरी आहे, तिची फसवणूक झाली आहे, असे स्पष्ट शब्दांत कळवले. समितीचे उत्तर सौजन्याचे होते. अहवाल बैठकीनंतर चार दिवसांनी मिळाला, या वर्षीचे वाटप झाले आहे, पुढील वर्षी नव्याने अर्ज करावा.

अक्काच्या संस्थेने पुढच्या वर्षी अर्ज केला आणि यंत्रे मिळाली. तोवर मी निवृत्त झालो होतो. अक्काने बोलावले म्हणून गेलो. सर्वांत लहान मुलीच्या कानाला यंत्र बसवताना डॉक्टर अक्काला हळू आवाजात म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं. आता बोलेल, पण कष्टानं. काही अक्षरं कदाचित येणारच नाहीत." अक्काने मान हलवली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. ती पाहणारही नव्हती, तशी बाई नव्हती ती.

आरोपपत्र मी स्वतः तयार केले होते. त्यात फसवणूक आहे, बनावट कागद आहेत, रकमा आहेत. त्या मुलीचे गेलेले वर्ष त्यात नाही. ते कोणत्याच कलमात बसत नाही. आणि बसले असते, तरी ते सगळे त्या माणसाच्या नावावर टाकता आले नसते. अहवाल चार दिवस उशिरा पोचला. अकरा दिवस मी एका सरळ बाईचा माग काढत होतो.